बायांची मापं आणि भाड्याची खोली

शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकलं. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. मी बाटली धरली, तिनं नरसाळं. बॅटरीला सहा बुचं असतात, एकेक उघडून बेताबेतानं ओतावं लागतं. माझ्या डोळ्यांना आतलं दिसत न्हाई, म्हणून ती वाकून बघायची आणि "बस" म्हणायची. चौथ्या बुचाला माझा हात सैल सुटला.

"आवं, बस म्हन्लं न! प्लास्टरला पाणी मारून राह्यले का?"

"दिसत न्हाई मला."

"दिसत न्हाई तर ऐकायला काय झालं?"

मंग तिनं चिंधीनं बॅटरी पुसली, बुचं लावली, कंप्युटर चालू करून बघितला. दिवा लागला. "झालं महिन्याचं काम," म्हणाली आणि पाय लांब करून ओट्यावर बसली. मी चहा केला. साखर जास्त झाली म्हणाली. संध्याकाळी छाती धरून बसली. जीप केली, पण जालन्याच्या वाटेवरच, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. दवाखान्याचं दार बघायचंबी राह्यलं.

लोक विचारतात, शेवटी काय बोलली? साखर जास्त झाली, हे बोलली. खोटं कशाला सांगू.

तिचं नाव पंचफुला. आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावानं ओळखतात, म्हणून गल्लीला ती आष्टीवाली. जाफराबादला एसटी स्टँडच्या मागं आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान. मी गवंडी, चौथी शिकलेला. ती सातवी. एका मशिनीवर तिनं सुरू केलं, गेली तेव्हा सहा मशिनी होत्या, कामाला बाया होत्या, आणि आसपासच्या खेड्यांतल्या बाया जीपमध्ये दाटीनं बसून ब्लाउज टाकायला तिच्याकडं यायच्या. बाजारात टेलर कमी न्हाईत आणि त्यांची शिवणबी वाईट न्हाई. बाया हिच्याकडंच यायच्या, कारण ही माप कुणाला सांगत नव्हती.

वाचणाराला हे बारीक वाटेल. बारीक न्हाई. कोण पोटुशी आहे, कोण उपाशी राहती, कोणाच्या दंडावर वळ आहे, हे टेपला आधी कळतं, घरच्यांना मागून. प्रत्येक नव्या बाईला ती टेप लावायच्या आधी सांगायची, "तुझं माप माझ्या घरातून बाहेर जाणार न्हाई. सासूला न्हाई, नवऱ्याला न्हाई, कुणाला न्हाई." हा तिचा शब्द. जन्मभर तिनं तो सांभाळला, आणि शेवटची दोन वर्षं त्याच शब्दाच्या काळजीत गेली.

दातात टाचण्या धरून बोलायची तिला सवय. आम्हाला तसं बोलणं कळायचं, नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं बाई रागात आहे. टेप गळ्यातून निघत नव्हता. विहारात वंदनेला बसली तरी टेप गळ्यात. मी म्हणायचो, "काढ की तो. भन्तेजी माप द्यायला येणार हायेत का?"

"तुमचं ध्यान माझ्या गळ्याकडं कामून? पुढं बघा."

माप देताना एखादी पोट आत ओढून उभी राह्यली की हिला बराबर कळायचं. "सोड श्वास. मला फसवशील, कापडाला कसं फसवशील? लग्नात जेवायला बसली की हुक उडल, अन् लोक म्हणतील पंचफुलाबाईची शिवण कच्ची." सगळ्या हसायच्या. पण आकडा तिनं तोंडातून कधीच काढला न्हाई. टेप बघायची, मनात धरायची, पाठ फिरवून लिहायची.

एकदा एका खेड्यातली सासू आली. पदर सावरून बसली, पाणी प्याली आणि हळूच म्हणाली, "माझ्या सुनेचं माप सांग बाई. मागच्यापेक्षा वाढलंय का?"

"कापड आणलं का?"

"कापड न्हाई आणलं. इचारायला आले."

"मंग कापड आणा. माप मागायला येऊ नका."

"अगं, मी सासू हाय तिची!"

"अन् मी टेलर हाय तिची."

ती म्हातारी चपला घालता घालता हिच्या सात पिढ्या बोलून गेली. ही पायानं मशीन चालवत राह्यली.

दुसरी एक बाई दर लगीनसराईला यायची. एका वर्षी हिनं टेप लावला, मागचं माप काढून बघितलं. नुसतं म्हणाली, "उद्या सकाळी ये. दुकान बंद ठेवते." दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जीपनं जालन्याला गेली, दिवसभर दवाखान्यात बसली, तपासण्या केल्या. पुढं त्या बाईचं ऑपरेशन झालं. आजबी धडधाकट आहे, बाजारात दिसली की मला रामराम-जयभीम दोन्ही घालती. मी तेव्हा हिला विचारलं होतं, काय निघालं? ती म्हणाली, "तुमचं माप न्हाई ते."

आता कंप्युटरचं सांगतो. आमची पोरगी सुजाता पुण्याला कंप्युटरच्या हापिसात आहे. वह्या वाढल्या, फाटायला लागल्या, एकेक माप शोधायला घंटा जायचा, म्हणून तिनंच दुकानात कंप्युटर बसवून दिला आणि जालन्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्याकडून त्यात प्रोग्राम टाकून घेतला. नाव टाकलं की माप समोर. पहिल्या दिवशी 'संगीता' टाकलं तर पानभर संगीता आल्या. पंचफुला त्या पोराला म्हणाली, "इथं नावानं कोण ओळखतं? माहेरचा रकाना टाक." त्यानं टाकला. मंग बराबर झालं.

पण त्यानं आणखी एक केलं होतं. ब्लाउज तयार झालं की मोबाइलवर आपोआप मेसेज जायचा, आणि मेसेजखाली मापबी छापून जायचं. आमच्या खेड्यापाड्यांत बाई जो नंबर देती तो नवऱ्याचा असतो, न्हाईतर दिराचा. हे त्या पोराला ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं आणि तरी ध्यानात आलं न्हाई. एका बाईच्या दिरानं बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर तो मेसेज मोठ्यानं वाचला. माणसं हसली.

ती बाई दुसऱ्या दिवशी आली. दारातच उभी राह्यली. रडली न्हाई. "मावशी, तुमी म्हन्ल्या व्हत्या घराबाहेर जाणार न्हाई," इतकंच बोलली आणि वळून गेली.

पंचफुलानं तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. दोन दिवस कात्रीला हात लावला न्हाई. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, चला. जीपनं त्या गावाला गेलो. अंगणात घरची सगळी माणसं बसलेली. हिनं त्या सुनेपुढं हात जोडले. "चूक माझी हाय. तुझी न्हाई." मंग गळ्यातला टेप काढून दिराकडं गेली. "ये रं बाबा, उभा राह्य. तुझंबी माप घेते, इथंच, सगळ्यांपुढं. मोठ्यानं वाचते. कुठून धरू?" तो पोरगा खाली मान घालून गोठ्याकडं निघून गेला. सासू पदराआड हसली. 

मेसेज बदलून घेतला. आता नुसतं "काम झालं" इतकंच जायचं. पुढच्या वर्षी दुसरं संकट आलं. भीमजयंतीच्या आधी पांढऱ्या साड्यांवरच्या ब्लाउजांची घाई असती. ऐन त्या घाईत लाईट खालीवर झाली आणि कंप्युटर जळाला. मापं गेली; जुन्या वह्या तर कंप्युटर आल्यावर तिनंच चुलीत घातल्या होत्या. तेव्हा इन्व्हर्टर नव्हता.

हिनं काय केलं, खुर्चीवर बसून डोळे मिटले आणि दोन्ही हात हवेत धरले, जसा काही समोर कोणी उभं आहे. एकेक बाई आठवायची, हात तितके लांब-जवळ करायची, आणि दुकानातली जुनी कारागीर राजूरवाली त्या हातांना टेप लावून माप लिहून घ्यायची. दोन दिवस हे चाललं. पुष्कळ मापं अशी परत आली. ज्यांची आली न्हाईत त्या बायांना पुन्हा यावं लागलं. कोणाची निंदणी चालू होती, कोणाचं लेकरू तापलेलं. त्यांचा रोज बुडाला, ते हिला लागलं.

सुजाता फोनवर म्हणाली, "माय, आता क्लाउडवर ठेव."

"ते काय असतं?"

"कंप्युटर तुझ्याच दुकानात. पण प्रोग्राम अन् मापं दूर, एका मोठ्या कंपनीच्या कंप्युटरात. इथलं जळालं, चोरी गेलं, तरी तिथं शाबूत. राखणदार त्यांचे, डागडुजी त्यांची. आपुन महिन्याला भाडं द्यायचं."

"म्हंजी भाड्याची खोली."

"तसंच समज."

मी मधेच बोललो, "आपली पेटी कोणी भाड्याच्या खोलीत ठेवतं का? स्वतःचं घर हाय आपलं, मी बांधलेलं."

ती माझ्याकडं वळली. "तुमी बांधलेल्या घरातच ठेवल्ती की. काय झालं?"



तिची विचार करायची रीत कापडाची होती. कात्री लावली की वापस जोडता येत न्हाई, म्हणून आधी खुणा करायच्या. तिनं कापायच्या टेबलावर खडूनं मधोमध रेघ मारली. इकडं घर, तिकडं खोली. जे सुचेल ते त्या त्या बाजूला लिहायची. महिनाभर ती रेघ पुसू दिली न्हाई, कापड आम्ही जमिनीवर चटई टाकून कापलं. मंग तिनं त्या सॉफ्टवेअरवाल्याला जालन्याहून बोलावलं. तो बिचारा चहा प्यायचा म्हणून बसला आणि दोन घंटे अडकला.

"चाव्या किती जणांपाशी?"

"मावशी, पासवर्ड फक्त तुमच्यापाशी."

"अन् खोलीच्या मालकापाशी?"

"त्यांची माणसं बघत नाहीत."

"बघत न्हाईत का बघू शकत न्हाईत? ह्या दोन गोष्टी हायेत, बाबा."

त्यानं डोकं खाजवलं. "शक्यतो बघत नाहीत," म्हणाला. हिनं 'शक्यतो' हा शब्द तसाच्या तसा टेबलावर लिहिला.

"लगीनसराईला माझं गिऱ्हाईक तिप्पट होतं. तवा खोली मोठी होती का?"

"होते की. मागाल तेवढी."

"अन् आषाढात?"

"लहान करा. भाडं कमी."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या भिंतीला जमन का हे?" मंग त्याला, "भाडं एखांद महिना राह्यलं तर? सामान रस्त्यावर?"

"थोडे दिवस थांबतात. मग बंद करतात. पुढं पुसूनबी टाकतात."

"अन् मला उद्या खोली सोडायची झाली, तर माझं सामान घडी न मोडता वापस भेटन का?"

"भेटतं. पण दुसरीकडं बसवायला मेहनत लागते."

तो गेल्यावर राजूरवाली म्हणाली, "मावशी, पोरगी द्यायचं स्थळ बी इतकं कोणी इचारत न्हाई." ही म्हणाली, "गावच्या पोरी जाऊन राह्यल्यात ह्या घरात. इचारू नको तर काय करू?"

आठ दिवस वापरून बघितलं. काम जल्दी होत होतं, हे मलाबी दिसलं. पण बाजाराच्या दिवशीच कुठंतरी रस्ता खोदताना केबल तुटली आणि दिवसभर नेट न्हाई. बाया बसलेल्या, कापड पुढ्यात, कात्री हातात, आणि मापं खोलीत अडकलेली. मला मनातून बरं वाटलं, मी तसं बोललोबी. तिनं सगळ्यांची मापं नव्यानं घेतली आणि सुजाताला फोन लावला. सुजातानं सांगितलं, दोन्हीकडं ठेवता येतं, रोज सकाळी एक कॉपी घरच्या कंप्युटरात उतरवून ठेवायची. तवाच इन्व्हर्टर घेतला.

तरी शब्दाचं काय, हे राह्यलंच होतं. 'शक्यतो' टेबलावर तसाच होता. एक दिवस कापड कापता कापता ती थांबली आणि म्हणाली, "मापं जाऊ द्या खोलीत. नावं न्हाई जाणार."

सुजाता तेव्हा घरी आल्ती. "नावाशिवाय मापाचा काय उपयोग, माय?"

"नंबर टाक. कोण कोणत्या नंबरची, ते घरातल्या वहीत राहीन. मालकाला वाचू दे किती वाचायचं ते. नुसत्या छत्तीस-अडतीसचं लोणचं घालन का?"

सुजाता हसत होती, ती हसायची थांबली. "आमच्या हापिसात ह्याच्यासाठी मोठमोठ्या मिटिंगा बसतात, माय."

वहीतबी तिनं नावं लिहिली न्हाईत. वही कोणाच्या हाती लागली तर? म्हणून प्रत्येक बाईला ती म्हणायची, तुझी खूण तूच सांग. कोणी शेळी सांगितली, कोणी हातपंप, कोणी दारातला शेवगा. एकीनं जात्याचा खुंटा सांगितला. नंबर आणि पुढं चित्र. तिला चित्रं येत नव्हती, शेळी आणि खाट सारखीच दिसायची. मंग टेबलावरची रेघ तिनं ओल्या फडक्यानं पुसली.

ती गेल्यावर सगळे म्हणाले, आता ही वही कोण वाचणार? मापं दूर कुठं तरी शाबूत आहेत आणि कोणाची कोणती ते सांगणारी गेली. पण बाया आल्या. राजूरवालीच्या मांडीवरची वही बघून प्रत्येक बाई आपल्या खुणेवर बोट ठेवती. "ही मी." आता दुकान राजूरवालीच चालवती. भाडं जातं, कॉपी उतरती, एकाबी मापाचा बोभाटा झाला न्हाई. फायदा-तोटा बघायचा तर फायदाच निघाला, हे मी कबूल करतो. मला त्याचं सुख न्हाई, ही गोष्ट वेगळी.

त्या रविवारच्या सकाळचं राह्यलं.

घर माणसांनी भरलेलं. सुजाता पुण्याहून येऊन पोचली होती. बायांनी आंघोळ घातली. पांढरी साडी होती, पांढरं पोलकं नव्हतं. राजूरवाली म्हणाली, "अर्ध्या घंट्यात नवं शिवते, मामा. मावशीला जुन्यात न्हाई पाठवायचं." तिनं वही बघितली. त्यात टेप न्हाई, टाचणी न्हाई, पंचफुलाची म्हणावी अशी खूण न्हाई. सुजातानं कंप्युटर लावला, वहीबाहेरचा एखादा नंबर आहे का ते घरातलं बघितलं, खोलीतलं बघितलं. न्हाई. साऱ्या तालुक्याच्या बायांची मापं होती, तिचं कुठंच नव्हतं. ती स्वतःचं माप कधी घेतच नव्हती. जुनं पोलकं पसरायची आणि त्यावर नवं कापायची, वर्षानुवर्षं.

मंग पेटीतली जुनी पोलकी काढली. एकेकाला आतून, काखेखाली, दोन्ही बाजूंनी आवळून टाचे घातलेले. एकदा घातलेले, मंग त्याच्या आत आणखी एकदा. राजूरवालीनं ते बघितलं आणि खाली बसली. मलाबी कळलं. ती वर्षभर वाळत चालली होती. दुसरीचं दोन बोटं कमी झालेलं जिला दिसायचं, तिला स्वतःचं कळलं नसेल असं मला म्हणवत न्हाई. टाचे तिनंच घातले होते. मी रोज समोर बसून चहा पीत होतो.

बाही, उंची जुन्यावरून घेता आली. छातीला टाच्यांवर टाचे, त्याचा भरवसा न्हाई; ते अंगावरच घ्यायला पाहिजे होतं. राजूरवाली टेप घेऊन आतल्या दारापर्यंत गेली आणि वळली. "माझ्यानं होत न्हाई, मामा."

मी म्हणालो, टेप दे.

बायांना बाहेर काढलं, दार लोटलं. सुजातानं तिला खांद्यातून जरा उचललं, मी पाठीखालून टेप सरकवला. आयुष्यभर भिंती मोजल्या, हिला कधी मोजली न्हाई. टेप पुढं आणून जिथं जुळला तिथं चिमटीत धरला. आकडा मला वाचता येतो. वाचला. सुजातानं बघितलं न्हाई, तिनं डोळे मिटले होते.

दार उघडलं. पुढच्या खोलीत भाऊबंद, शेजारी, आष्टीचे पाहुणे, सगळी बाप्येमाणसं दाटून उभी होती. राजूरवाली मशिनीवर जाऊन बसली होती. तिनं लांबूनच विचारलं, "किती, मामा?"

मी बोललो न्हाई. चिमूट तशीच घट्ट धरून त्या माणसांमधून वाट काढत मशिनीपर्यंत गेलो. तिनं माझ्या बोटांशी बोटं लावून टेप धरला, तिचा अंगठा बराबर जागेवर बसला, मंग मी सोडला.